पुढच्याचं इंजिन बंद होत नाही

तो मोजा काही केल्या तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

मुलगा टूरवरून परतला होता. दारातच बूट काढले, जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि कानाला फोन लावून तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. पलीकडे कुणी गिऱ्हाईक होतं. हॉटेलातली गादी फार मऊ निघाली म्हणून त्याची कंबर धरली होती, आणि पुढच्या वेळी तुम्हाला दारावर झोपवतो, असं मुलगा त्याला हसत हसत सांगत होता. बोलता बोलता त्याने उजव्या पायाचा मोजा ओढला. मोजा पोटरीला चिकटला होता. त्याने आणखी जोर लावला. मोजा निघाला तो कातडीचा पापुद्रा घेऊनच, आणि खालचं लाल, ओलं मांस उघडं पडलं. आईच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं. मुलगा आपला बोलतोच आहे, "नाही नाही, दार धुऊन देऊ, त्याची काळजी नको."

फोड येतो, फुटतो, त्यात नवल नव्हतं. मोटारसायकलवर आयुष्य काढणाऱ्याच्या अंगाला काही ना काही लागायचंच. तिला खात होतं ते हे, की तो कळवळला नाही. त्याचा आवाजसुद्धा हलला नाही.

आणि हा कोण, तर लहानपणी दूध कोमट आहे असं शपथेवर सांगितल्याशिवाय ओठाला न लावणारा. आंघोळीच्या पाण्यात आधी करंगळी बुडवून बघणारा. एकदा इस्त्रीची नुसती वाफ हाताला लागली तर सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं की या घरात खून पडतोय.

वडील गेले तेव्हा तो शाळा संपवत होता. आईची नोकरी होती, रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती, त्यामुळे घर चाललं. पण पोरगं मात्र दिवसभर खिडकीत बसून राहायला लागलं. तेव्हा तिच्या धाकट्या भावाने त्याला उचललं. या मामाने नुकताच मोटारसायकल टूरचा धंदा काढला होता. एक पत्र्याची शेड, चार जुन्या गाड्या आणि भरपूर तोंड, एवढं भांडवल. भाच्याला त्याने आधी झाडू दिला, मग पाना दिला, मग हँडल दिलं. पोरगं खिडकीतून उठलं ते कायमचं. त्या उपकाराखाली ती इतकी वर्षं भावापुढे मूग गिळून होती.

आज चौतिशीचा हा गडी मामाच्या कंपनीचा पुढचा रायडर होता. पुढचा म्हणजे ज्याच्या मागून सगळी रांग चालते तो. ऑफिसात खुर्च्या उबवणारी, सुट्टीत एकदम शूर झालेली माणसं भाड्याच्या अवजड गाड्यांवर बसायची आणि हा त्यांना डोंगरातून नेऊन जशीच्या तशी परत आणायचा. कोण घोरतो, कोण वळणावर घाबरतो, कुणाला भूक लागली की भांडण सुचतं, सगळं त्याला पाठ. आरशात मागचे दिवे मोजायची सवय इतकी हाडात गेलेली की घरी जेवायला बसले तरी हा आधी माणसं मोजायचा, आणि दोघंच असायची. अजून लग्न नव्हतं. "रांगेत एक दिवा वाढव की," असं ती म्हणायची, तेव्हा तो पाणी प्यायचा.

मामाने त्याचं नाव ठेवलं होतं बर्फ्या. भर उन्हात, चढावर, मागचे सगळे हाश्शहुश्श करत असताना हा पुढे शांत बसलेला असायचा म्हणून. नाव कौतुकाचं होतं आणि मुलाला ते पदकासारखं वाटायचं.

आता आईला त्या नावाचीच भीती वाटू लागली होती.

"बघू पाय," फोन संपल्यावर ती म्हणाली.

"काही नाही गं. घासलंय."

"मी प्रयोगशाळेत होते, सर्कशीत नव्हते. पाय वर कर."

जखमेभोवती, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत, कातडीवर तांबूस-काळपट जाळी उमटली होती. कुणी मासे पकडायचं जाळं तापवून पायावर दाबावं तशी. डाव्या पायावर काही नाही.

"हे कधीपासून?"

"असतं ते. इंजिन उजवीकडून फेकतं गरम हवा. सगळ्यांनाच होतं."

"आणि मगाशी मोजा ओढलास तेव्हा?"

"तेव्हा काय?"

त्याला खरंच कळलं नव्हतं ती काय विचारतेय. तिथून तिचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली. शेड आता शेड राहिली नव्हती. काचेचं ऑफिस होतं, भिंतीवर हसऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो होते आणि मागे वर्कशॉपमध्ये मोठ्या गाड्यांची रांग. प्रत्येक गाडीच्या दोन्ही बाजूंना, इंजिनाच्या खालच्या अंगाला, चकचकीत लाल झाकणं आणि त्यांवर मामाच्या कंपनीचं चिन्ह.

"ताई, आज इकडे वाट चुकलीस?" मामा म्हणाला.

"मी नाही चुकले. माझ्या पोराचा पाय का जळतोय ते सांग."

मामाने आधी हसून बघितलं. मग चहा मागवून बघितला. तिने चहाला हात लावला नाही, तेव्हा तो खुर्चीत नीट बसला. "इंजिन आहे ते, ताई. गरम होणारच. गार हवं असेल त्याने सायकल घ्यावी."

"चालत्या गाडीला वारा असतो. तुमची गाडी थांबलेली असताना चालू का असते?"

हे तिने घरीच मुलाकडून काढून घेतलं होतं. चढाच्या माथ्यावर, फाट्यावर, रेल्वेच्या फाटकापाशी, जिथे म्हणून मागच्यांची वाट बघायची तिथे हा इंजिन चालू ठेवून गाडीवर बसून राहायचा. रांग लांबली की बसणंही लांबायचं. गाडी उभी, वारा नाही, आणि रेडिएटरचा पंखा आतली सगळी आग उजव्या पोटरीवर ओततोय.

"पुढच्याचं इंजिन बंद होत नाही. नियम आहे," मामा म्हणाला.

"कुणाचा?"

"माझा."

"मग तूच मोड."

नियमाला एके काळी अर्थ होता. त्या पहिल्या चार गाड्या तापल्या की किक मारून मारून माणूस गळून जाई, त्या सुरू होत नसत. म्हणून निदान एक तरी चालू राहिलेली बरी. आता बटण दाबलं की सुरू होणाऱ्या गाड्या आल्या होत्या. पण मामाला तो नियम मिशीसारखा झाला होता. कशासाठी ठेवली ते आठवत नाही, पीळ मात्र रोज द्यायचा.

"अगं, पुढच्याने इंजिन बंद केलं की मागचे सगळे उतरतात, पाय पसरतात, फोटो काढत बसतात. चालू असलं की वचक राहतो. आणि तूच एकटी आई आहेस का? हे बघ." त्याने पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. तीच जाळी. जुनी, जास्त काळी. "हा आपल्या कंपनीचा शिक्का आहे. मी मेलो का?"

ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तो वर्कशॉपकडे बघून कुणाला तरी हाक मारत होता, तेवढ्यात तिने खाली वाकून त्याच्या पोटरीला चिमटा काढला, बहीण म्हणून आयुष्यभराचा साठवलेला, चांगला करकचून. मामाची हाक पूर्ण झाली. मग त्याने खाली बघितलं, तिचा हात बघितला आणि म्हणाला, "आई गं. हे काय?"

"आधी बघितलंस, मग तुला दुखलं."

"काहीतरीच."

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. इथे मामा-भाचे दोघं जळत होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

वर्कशॉपमध्ये एक फिटर होता, खिशात कायम पाना म्हणून त्याला सगळे पानाच म्हणत. त्याने मामाकडे भीत भीत बघत सांगितलं, की ही लाल झाकणं काढली तर हवा खालून निघून जाईल. शिवाय पंख्याची हवा बाहेर वळवणारे दोन पत्रे बसवता येतील आणि पायाजवळून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळता येईल.

"झाकणं राहतील," मामा म्हणाला. "फोटोत चिन्ह दिसतं. पत्रे बसव, पट्टी गुंडाळ. ताई, खूश?"

दोन दिवसांनी पत्रे बसले. मामाने मुद्दाम तिला बोलावलं, बहिणीचं तोंड कायमचं बंद करायला. मुलगा गाडीवर बसला, इंजिन चालू केलं, गाडी उभीच. पंखा घोंगावू लागला. पाना, मामा, ऑफिसातली हिशोबनीस, सगळे भोवती.

"बर्फ्या, लागतंय का गरम?"

"छे. एकदम गार," मुलगा म्हणाला.

"ऐकलंस? मिटलं. चला, कामाला लागा."

आणि सगळ्यांची खरंच खात्री पटली. पान्याने हात पुसले. हिशोबनीस आत गेली. आईच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. पाणी शुद्ध आहे का, हे प्रयोगशाळेत पाण्याला विचारत नसत. आणि इथे ज्याच्या पायाला काही कळतच नाही, त्या पायालाच साक्षीला उभं केलं होतं, आणि त्याची साक्ष मानून खटला निकालात.

"उतर," ती मुलाला म्हणाली.

"आई, काय करतेस?"

"उतर म्हटलं ना."

साठी ओलांडलेली बाई ती, गुडघे कुरकुरणारी. पान्याच्या खांद्यावर हात ठेवून ती त्या राक्षसावर चढली. मामा हसायला लागला. कुणीतरी मोबाइल काढला, तिने एक नजर टाकली, मोबाइल खिशात गेला. उजवा पाय तिने बरोबर मुलाच्या पायाच्या जागी ठेवला. आधी नुसतं उबदार वाटलं. मग उन्हात ठेवलेल्या पत्र्यावर बसल्यासारखं. मग चटका. तिने दात आवळले, हँडल धरून ठेवलं, आणि शेवटी पाय उचलावाच लागला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसताना तिने कुणाला दिसू दिलं नाही.

"हे गार आहे?" उतरल्यावर ती म्हणाली. "हे?"

"ताई, तुझं वय झालं. कातडी पातळ होते."

"माझी पातळ असेल. तुमची मेलीय."

मामा ऑफिसात निघून गेला. मुलगा मात्र तिच्या लाल झालेल्या पोटरीकडे बघत उभा राहिला, आणि मग पहिल्यांदाच स्वतःच्या पायाकडे.

म्हणून तो डॉक्टरकडे यायला तयार झाला, नाहीतर पालथ्या घड्यावर पाणीच होतं. डॉक्टर तरुण होती, कमी बोलणारी. तिने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि एक गरम, एक गार अशा पाण्याच्या दोन नळ्या आळीपाळीने पायाला लावू लागली. डाव्या पायाची उत्तरं फटाफट आली. उजव्याची पण फटाफट आली, आणि बहुतेक चुकली. गरम लावली तेव्हा तो गार म्हणाला. काहीच लावलं नव्हतं तेव्हा तो आत्मविश्वासाने म्हणाला, "गरम." आई भिंतीला टेकून ऐकत होती. अंदाजपंचे ठोकत होता पोरगा, शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखा.

"ही जाळी उष्णतेचीच आहे," डॉक्टर म्हणाली. "पण संवेदना इतकी गेली आहे की कारण नीट शोधावं लागेल. नसांची तपासणी करू. जखम भरेपर्यंत बूट नाही, गाडी नाही. पुढचं तपासणीनंतर. आणि जखम अंगावर काढू नका. दुखत नाही म्हणजे बरी आहे, असं नाही."

बाहेर पडल्यावर जिन्यातच त्याने तिचा हात धरला. "मामाला सांगू नकोस."

"सांगणार नाही तर काय? ती काय म्हणाली ते ऐकलंस ना?"

"ही टूर होऊ दे. मग तपासण्या, औषधं, तू म्हणशील ते."

"टूर गेली खड्ड्यात."

"आई, हा माझा रस्ता आहे."

तेवढ्यावर ती थांबली, कारण ते खरं होतं. कंपनीचे बाकीचे सगळे रस्ते मामाचे. हा एक त्याने स्वतः शोधला होता. सुट्टीच्या दिवसांत एकटाच जाऊन यायचा. कुठल्या वळणावर खडी असते, कुठल्या खानावळीत म्हातारी मनापासून वाढते, सूर्य कुठे डोळ्यांत येतो, सगळं बघून आला होता. मामा तीन वेळा नाही म्हणाला होता आणि चौथ्यांदा हो; येत्या टूरला रांग पहिल्यांदाच त्यावरून जाणार होती. वडील गेल्यानंतर या मुलाने जगाकडे स्वतःसाठी मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट होती.

"मामाला कळलं की तो दुसऱ्या कुणाला पुढे घालेल. मग तो रस्ता त्याचा होईल," मुलगा म्हणाला. "थांबलो की इंजिन बंद करीन. जखमेला जाड पट्टी बांधीन. तुझी शपथ. पण तू सांगितलंस तर मी परत तुझ्याशी बोलणार नाही, आणि हे चिडून म्हणत नाहीये."

चिडून म्हणाला असता तर तिने दोन दिल्या असत्या. तो शांतपणे म्हणाला. तिने शब्द दिला, आणि घरी येईपर्यंत त्या शब्दाचा तिला राग येत राहिला. त्याचा राग, मामाचा राग, त्या लाल झाकणांचा राग, आणि दुखणं लपवण्याला मर्दपणा म्हणणाऱ्या सगळ्या जातीचा राग. टूर निघाली त्या सकाळी तिने डबा भरून दिला, पण दारापर्यंत गेली नाही. मामा नेहमीप्रमाणे सामानाच्या गाडीतून रांगेच्या शेवटी होता.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधी मुलाचा फोन आला. आवाजात वारा होता आणि आनंद होता.

"आई, माथ्यावर आहे. इथून जे दिसतंय ना, तुला आणायला पाहिजे एकदा. सगळे वर येतायत, मी वाट बघतोय. जेवण इथेच, मग उतार."

त्याच्या बोलण्यामागे धड धड धड असा आवाज येत होता. तिला तो आता ओळखता येत होता.

"इंजिन चालू आहे."

"मामा मागून येतोय. बंद दिसलं तर विचारेल ना का म्हणून."

"शपथ घेतली होतीस."

"पाय एकदम मस्त आहे, काही त्रास नाही. उलट आता काहीच जाणवत नाही." मग, तिला बरं वाटावं म्हणून, तो हसत म्हणाला, "फक्त ब्रेकवर पाय आहे की नाही ते अधूनमधून खाली बघून घ्यावं लागतं. बाकी काही नाही. चल, आले हे लोक, ठेवतो."

फोन बंद झाला.

ती खुर्चीत बसली. बराच वेळ तिला कसलाच राग आला नाही, म्हणजे ती घाबरली होती. उजवा पाय. मागचा ब्रेक उजव्या पायाला. घरात इतकी वर्षं गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता, त्यामुळे तिलाही माहीत होतं: उतारावरच्या आवळ वळणावर, गाडी हळू असताना, पुढचा ब्रेक जोरात धरला तर अवजड गाडी आडवी होते, तिथे मागच्यावरच भिस्त. आणि तिथे हा रस्त्यावरची नजर काढून स्वतःचा बूट शोधणार. पाठीमागे ती सगळी माणसं, कुणाची बायको मागे बसलेली, सगळी त्याच्या मागच्या दिव्याकडे बघत, तो जाईल तिथे जाणारी.

पायाचं होतं तोवर ते त्याचं होतं. तो पाय त्याचा, जखम त्याची, तिने दिलेला शब्दही त्या पायापुरता. हे आता त्याचं एकट्याचं राहिलं नव्हतं. मग राग आला. या वेळी तो तोंडाला आलाच नाही. हातात आला.

भावाला काय सांगायचं ते तिने आधी मनाशी नीट लावलं. गरम होतं, हे सांगायचं नाही, तो हसेल. जखम सांगायची नाही. तो स्वतःचा पाय दाखवेल. डॉक्टरसुद्धा नंतर. मामा कितीही आडमुठा असला तरी एका बाबतीत सरळ होता: एवढ्या वर्षांत त्याने एकही गिऱ्हाईक रस्त्यावर पडू दिलं नव्हतं, आणि पुढच्याला ब्रेक कळत नाही एवढं वाक्य त्याच्या कानात पडलं तर तो हातातला घास टाकून उठला असता. चाव्या काढून घेतल्या असत्या. सगळ्यांच्या देखत. मुलाच्या स्वतःच्या रस्त्यावर, त्याच्या सगळ्यांत सुंदर जागी. दुसरा कुणीतरी त्याची गाडी खाली आणणार आणि मुलगा सामानाच्या गाडीत, पेट्यांच्या मध्ये बसून येणार.

आणि मग तो बोलणार नाही. तो म्हणाला होता, आणि बोलल्याप्रमाणे वागणारा होता; ते तिनेच शिकवलं होतं. किती दिवस, ते तिला ठाऊक नव्हतं. जेवताना समोरची खुर्ची रिकामी राहील किंवा त्याहून वाईट, भरलेली असेल आणि गप्प.

राहू दे गप्प. गप्प बसायला माणूस घरी यावा लागतो.

अजून ते जेवत असतील. तिने मामाचा नंबर लावला.